हसायचं कुणी, कुणावर?

मैत्रिणींनो, चातुर्मासात आपण प्रत्येकजण काही ना काही नेम धरतो. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एकवेळ जेवतं, कुणी एक लाख वाती वळण्याचा संकल्प करून भाद्रपदापर्यंत निम्म्यावर येतं. मी यंदा नेम धरला तो वाचनाचा. रोज दहा पानं वाचायची आणि जे वाचलं, पाहिलं, ऐकलं त्याच्या दोन ओळी लिहून ठेवायच्या. दुपारी शाळेचे तीन तास, सकाळ-संध्याकाळ घर. पण पोळ्यांची कणीक भिजत पडलेली असते तेवढ्या वेळात दहा पानं सहज होतात, हे तुम्हाला अनुभवानं सांगते.

या नोंदींत पुस्तकं आहेत, एक विनोदाचा कार्यक्रम आहे, पाऊस तर आहेच आणि एक एस.टी.चा प्रवासही आहे. वरवर पाहता एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण सगळ्यांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होता: आपल्या घरात, आपल्या समाजात हसतं कोण आणि कुणावर? प्रश्न हलकाफुलका वाटतो खरा, पण तसा तो नाही. का ते पुढे कळेलच.

लक्ष्मीबाईंचं हसणं

आधी पुस्तकाचं सांगते. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकींनी शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या धड्यापुरतं वाचलेलं असतं. मीही तेवढंच वाचलं होतं. यंदा पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. १८८० साली लग्न झालं, म्हणजे वय जेमतेम अकरा-बारा. माहेरी वडिलांचं सोवळं असं कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. सासरी नवरा कोण, तर कवी नारायण वामन टिळक. माणूस मोठा, मनानं उदार, पण हातात पैसा टिकायचा नाही आणि मनात आलं की घर सोडून निघून जायचा. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. काही वर्षं दोघं दुरावली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचारानं तो धर्म घेतला.

आता सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? एखादीनं यावर पाचशे पानांचं रडगाणं लिहिलं असतं, तरी आपण तिला दोष दिला नसता. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला इतकं हसू आलं, की शेजारी झोपलेल्या लेकीनं उठून विचारलं, “आई, काय झालं?” बाई नवऱ्याची फजिती सांगतात, पण त्याला लहान करत नाहीत. आणि त्याची सांगण्याआधी स्वतःची सांगतात. रागही आहे, दुःखही आहे, पण सांगणाऱ्या बाईची मान कुठेही खाली नाही. शिक्षण म्हणाल तर शाळा नाहीच. लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. म्हणूनच की काय, भाषा अशी की ओट्याशी उभं राहून कुणी आपल्याशी बोलतंय असं वाटावं.

हे पुस्तक भागाभागांनी १९३४ सालापासून प्रसिद्ध होऊ लागलं. तेव्हा बाईंचं वय पासष्टीच्या पुढे होतं. १९३६ साली त्या गेल्या. १९८२ साली विजया मेहता यांनी यावर चित्रपट केला, त्यात लक्ष्मीबाई झाल्या होत्या सुहास जोशी. कुठे पाहायला मिळाला तर जरूर पाहा. पण आधी पुस्तक वाचा.

माईकवरचा विनोद

पुस्तक निम्मं झालं होतं, त्याच सुमारास आमच्या भागात एक हास्याचा कार्यक्रम झाला. स्टेज, दिवे, खुर्च्या आणि माईक घेतलेला एकटा माणूस. आम्ही सगळे गेलो होतो. हे, मी, दोन्ही मुलं आणि सासूबाई.

माणूस बोलायला चटपटीत होता. पण पाच मिनिटांत गाडी जी बायकोवर आली, ती शेवटपर्यंत तिथेच. बायकोचं वजन, बायकोची खरेदी, बायकोचं बोलणं, बायकोची आई. पुरुष मांड्यांवर थापा मारून हसत होते. आपण बायका कशा हसतो ठाऊक आहे ना? पदर किंवा ओढणी तोंडाशी धरून, आधी शेजारणीकडे बघून. ती हसली तर आपण हसायचं. न हसावं तर ‘हिला विनोद कळत नाही’ हा शिक्का.

आमच्या सासूबाई मात्र सत्तरीला आलेल्या. त्यांना आता शिक्क्यांची पर्वा नाही. बायकोच्या स्वयंपाकावरचा चौथा विनोद झाला, तशा त्या चांगल्या मोठ्यानं मला म्हणाल्या, “अगं, मग याला एवढा गुबगुबीत केला कुणी?” पुढच्या-मागच्या तीन रांगा अशा हसल्या, की माईकवरच्या माणसाला क्षणभर थांबावं लागलं. त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला विनोद बिनामाईकचा होता.

एवढ्यावर मी ते विसरलेही असते. पण दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना माझ्या चौथीतल्या मुलानं त्यातलाच एक विनोद म्हणून दाखवला. म्हणून झाल्यावर त्यानं बघितलं ते वडिलांकडे, ते हसतात का म्हणून. आणि सातवीतली लेक बघत होती माझ्याकडे. मी हसते की रागावते, ते ती निरखत होती. मैत्रिणींनो, प्रश्न हलका नाही असं मी म्हटलं ते यासाठी. मुलं विनोद शिकत नसतात, कुणाला हसायचं असतं ते शिकत असतात.

मी हसले नाही आणि रागावलेही नाही. वाढता वाढता म्हटलं, “छान सांगितलास. आता बायकोच्या जागी बाबांना घाल आणि हाच विनोद पुन्हा सांग.” त्यानं सुरुवात केली, मध्येच अडखळला. मग म्हणाला, “आई, मग तो विनोदच होत नाही.” ह्यांनी ताटातली मान वर केली आणि म्हणाले, “बरोबर बोललास बेटा.” पुढे त्यावर चर्चा झाली नाही. गरजही नव्हती.

बायकोवर विनोद करूच नये असं मी म्हणणार नाही. चिडवल्याशिवाय संसाराला चव येत नाही. पण ज्याच्यावर विनोद केला त्यालाही हसता आलं पाहिजे आणि उलट उत्तर द्यायची संधी असली पाहिजे. कॉलेजात असताना मी आईबरोबर लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहिला होता. १९७९ साली सुरू झालेला हा एकपात्री प्रयोग. एकटा माणूस खेड्यातलं अख्खं लग्नघर उभं करायचा. त्यात बायका होत्या, म्हातारे होते, पोरं होती, आणि हसणं सगळ्यांवर सारखं वाटलेलं होतं. लाडू वाढताना पंगतीत हात आखडता घ्यायचा नाही, तसं. म्हणून आईसुद्धा पदर तोंडाशी न धरता हसली होती. देशपांडे २००९ साली गेले. पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग चालू ठेवला. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ घ्या. तिथेही बोलणारा स्वतः चाळीतलाच एक असतो, गच्चीवर उभा राहून खालच्यांना हसत नाही.

आमची सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. तेव्हा सीता काय आणि कुणी काय, सगळ्या स्त्रिया पुरुषच व्हायचे. तो काळ गेला. आता निर्मिती सावंत यांची गंगूबाई आपण पाहिली, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये नम्रता संभेराव आणि वनिता खरात यांनी पोट धरून हसवलं. तरीही पुरुषानं साडी नेसली की नुसत्या साडीलाच हशा मिळतो. साडीत एवढं हसण्यासारखं काय असतं, ते आपण रोज नेसणाऱ्यांनाच कळत नाही.

पाऊस आणि हादगा

सांगलीकरणीला पावसाबद्दल विचाराल तर ती आधी फूट सांगेल. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, हे आमच्याकडे दुधाच्या भावाइतकं सगळ्यांना तोंडपाठ. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागेत बहिणीकडे गेलो. पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ होती.

घर धुण्याचे ते दिवस आठवले की आजही पाठ दुखते. पण आठवणीत राहिलं ते वेगळंच. गल्लीतल्या सगळ्या बायका चिखल उपसत होतो, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, “जन्मभर यांना म्हणत होते, कृष्णामाईच्या दर्शनाला न्या. नेलं नाही. शेवटी तीच आली.” गल्ली हसली. हसता हसता दोघी-तिघी रडल्याही. आणि मग पुन्हा फावडी उचलली. तेव्हा लक्ष्मीबाई मी पूर्ण वाचल्या नव्हत्या. आता वाचल्यावर कळलं, की आमच्या काकू त्यांच्याच वंशातल्या.

जाता जाता एक उपयोगाचं सांगते. पुरात किंवा गळतीत पुस्तकं भिजली तर कडक उन्हात ठेवू नका, पानं आखडतात आणि बांधणी सुटते. ओलं पुस्तक जबरदस्तीनं उघडूही नका. आधी उभं करून पाणी निथळू द्या. मग थोड्या थोड्या पानांआड कोरा टिपकागद घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा आणि कागद ओले झाले की बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उमटते. पूर्ण वाळल्यावर कपाटात वेखंड ठेवा. माझी निम्मी पुस्तकं अशी वाचली.

पाऊस आता पंचांगाचं ऐकत नाही हे खरं. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून, आणि त्याआधी सर्वांत लवकर आला होता तो १९५६ साली, २९ मे रोजी. गच्चीवर घातलेल्या माझ्या कुरडयांना हे कुणी कळवलं नव्हतं. दोन पायल्यांचा चीक वाया गेला. आता मी वाळवणं एप्रिलातच उरकते. तरी नक्षत्रांची नावं मला सोडवत नाहीत. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आणि सप्टेंबरअखेर हस्ताचा, म्हणजे हत्तीचा. दुर्गा भागवत यांचं ‘ऋतुचक्र’ हे १९५६ सालचं पुस्तक महिन्यामहिन्याप्रमाणे आहे. ते त्या त्या महिन्यात एकेक प्रकरण असं वाचा. खिडकीबाहेरचं आणि पानातलं एकमेकांशी बोलू लागतं.

या हत्तीच्या नक्षत्रातच आपला हादगा येतो. कुणी त्याला भोंडला म्हणतं. पाटावर किंवा भिंतीवर हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायची. यंदा लेकीच्या मैत्रिणींना घेऊन मी आमच्या अंगणात फेर धरला आणि ती गाणी पहिल्यांदा कान देऊन ऐकली. माहेरी जाऊ द्या म्हणणाऱ्या सुनेला घरातलं एकेक माणूस पुढच्याकडे कसं पिटाळतं ते त्यात आहे. बायकोनं केलेली करंजी ज्याला होडी वाटते असा वेडा नवरा आहे. सासू, दीर, जाऊ, नणंद, कुणालाच सोडलेलं नाही. ज्या सुनेला वर मान करून बोलायची सोय नव्हती, ती वर्षातून काही दिवस भर अंगणात सगळ्या सासरची टर उडवत होती. तेही सासूच्या देखत, आणि खिरापत खाऊन! मंगळागौरीच्या खेळातली लटकी भांडणं तरी दुसरं काय होती?

म्हणजे आपल्याला विनोद जमत नाही, हे कुणी सांगितलं? तिकीट नव्हतं, माईक नव्हता, एवढंच. फेर सुटले तसं ते हसणंही सुटत चाललंय, आणि त्या जागी दुसऱ्यांनी आपल्यावर केलेले विनोद मोबाईलवरून आपणच पुढे धाडतो आहोत. मला वाटतं, याचा विचार व्हायला हवा.

अर्ध्या तिकिटाचा प्रवास

शेवटचं, प्रवासाचं. श्रावणात रत्नागिरीला वन्संकडे जाऊन आले. सांगलीहून कोल्हापूर, तिथून मलकापूरवरून आंबा घाट. घाटात ढग खिडकीतून आत येतात. समोरची गाडी दिसत नाही आणि ड्रायव्हरला ती दिसत असावी अशी आशा धरून आपण डोळे मिटून घ्यायचे.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला निम्मं भाडं आहे. तेव्हापासून गाडीत बायका किती दिसतात पाहिलंत? कुणी लेकीकडे, कुणी देवाला, कुणी नुसतीच. पूर्वी माहेरी जायला कारण लागायचं, शिवाय नेणारा-आणणारा लागायचा. आता सुटे पैसे असले की झालं. माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत नातवासाठी लाडू. कंडक्टर म्हणाला, “मावशी, अर्धं ना?” त्या म्हणाल्या, “तिकीट अर्धंच दे बाबा. घरचं काम अर्धं करायचं तेवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही बघ.” आख्खी गाडी हसली. कंडक्टर सगळ्यांत जास्त हसला, कारण त्याला मारलं नव्हतं, त्याच्याशी बोललं होतं.

पुढे साखरपा येईपर्यंत आमच्या तीन बाकांवर गोष्टींची मैफल जमली. एकीनं लग्नात हार नवऱ्याऐवजी करवलीच्या गळ्यात कसा पडला ते सांगितलं. दुसरीनं सासऱ्यांच्या कवळीची गोष्ट सांगितली. पु.लं.ची ‘म्हैस’ आठवली; त्यातही एस.टी. एका म्हशीपायी अडते आणि माणसं बोलू लागतात. फरक एवढाच, की आमच्या बाकांवरच्या गोष्टी कुणी लिहून घेत नाही. रत्नागिरीच्या स्टँडवर त्या पिशव्या उचलून उतरल्या आणि गोष्टीही त्यांच्याबरोबर गेल्या.

म्हणून मैत्रिणींनो, तीन गोष्टी सुचवते. पटतील तेवढ्या करा.

पहिली: भिशीला किंवा हळदीकुंकवाला जमाल तेव्हा वाणाबरोबर ‘स्मृतिचित्रे’तली दोन पानं कुणीतरी मोठ्यानं वाचा. पाच मिनिटं लागतात. साड्यांचं बोलणं त्यानंतरही होतं, आणि जास्त रंगतं.

दुसरी: घरात मुलानं बायकोवरचा, मोलकरणीवरचा, कुणा गावच्या किंवा जातीच्या माणसांवरचा विनोद सांगितला, तर त्याला रागावू नका. माणसं बदलून तोच विनोद पुन्हा सांगायला लावा. टिकला तर सगळे मिळून हसा. नाही टिकला तर त्याचं त्यालाच कळेल.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: तुमच्या आईची, सासूबाईंची, आजीची एक हसरी गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. दुःखाच्या गोष्टी घरात आपोआप राहतात, भिंतीवरच्या पुराच्या रेघेसारख्या. हसण्याच्या गोष्टी मात्र कुणी लिहिल्या नाहीत तर सांगणाऱ्या बाईबरोबरच जातात. लक्ष्मीबाई साठी उलटून गेल्यावर लिहीत होत्या, तेव्हा वय झालं हे कारण चालणार नाही. लिहिता येत नाही हेही नाही, कारण त्या तरी कुठे शाळेत गेल्या होत्या? मुलांच्या दप्तरातली पेन्सिल घ्या आणि रात्री झाकपाक झाली, की आजच बसा.